भीतीच्या जागी हशा येतो: श्राव्य भयनाट्याच्या पहिल्या प्रत्यक्ष प्रयोगातला बिघाड आणि त्याची दुरुस्ती

अडचण अशी आहे. तुमच्या गटाची रेकॉर्ड केलेली भयश्रुतिका लोकांना आवडली आहे. रात्री हेडफोन लावून ऐकणारे सांगतात, की मध्येच बंद करून दिवा लावावा लागला. म्हणून तीच संहिता तुम्ही पहिल्यांदा लोकांसमोर करायला घेता. समोर माईक, वाचनाचे स्टँड, एका बाजूला आवाज काढायचं टेबल. आणि ज्या क्षणी अंगावर काटा यायला हवा, नेमका त्याच क्षणी प्रेक्षागृहातून हशा येतो. दुसऱ्या प्रयोगाला पुन्हा तिथेच. तिसऱ्या प्रयोगापर्यंत कलाकारच त्या जागेच्या आधी बिचकायला लागतात आणि ती जागा हातातून जाते.

आमच्या नाटकात ती जागा तिसऱ्या थापेची होती. एक माणूस रात्री रिकाम्या घरात बसलेला. भिंतीतल्या बंद कपाटाच्या आतून थाप येते. लांब शांतता. दुसरी थाप. आणखी लांब शांतता. तिसरी थाप त्याच्या पाठीमागून येते. रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना आमच्या ध्वनिसंयोजकाने या तिसऱ्या थापेला खुर्ची मागे ढकलली होती. प्रयोगात तिथे लोक हसले.

मग आम्ही बहुतेक गट करतात तेच केलं. थाप मोठी केली, किंकाळी लांबवली, पार्श्वसंगीत चढवलं. दुसऱ्या प्रयोगाला हशाही मोठा आला. तुम्ही सध्या याच टप्प्यावर असाल तर फेडरला (मिक्सरवरच्या, आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाला) हात लावू नका. आधी हशा कशामुळे फुटतोय ते शोधा.

निदान: पाठ करून बसवा

लोक टिंगल करत नसतात, एवढं आधी मनाशी पक्कं धरा. शांततेत ताण साठत जातो. "आता हे होणार" असं कळलं की तो सुटतो, आणि सुटताना हसू होऊन बाहेर पडतो. तेव्हा शोधायचं एवढंच, की लोकांना आधी कळलं कशावरून?

तालमीला गोष्ट अजिबात माहीत नसलेले चार जण बोलवा. दोघांना रंगमंचाकडे तोंड करून बसवा, दोघांना पाठ करून. प्रसंग सुरुवातीपासून करा, फक्त ती एक जागा काढून दाखवू नका. पाठ केलेले दचकले आणि बघणारे दचकले नाहीत, तर बिघाड दिसण्यात आहे. चौघंही थंड राहिले, तर आवाजात किंवा संहितेत. ही चाचणी आम्ही दोन प्रयोग हातचे गेल्यावर केली, म्हणून कळकळीने सांगतो, पहिल्या प्रयोगाच्या आधीच करा.

प्रयोगाच्या वेळी पाचव्या-सहाव्या रांगेतून फोनवर चित्रण करून ठेवा आणि हशा आवाजाच्या आधी सुरू होतो की नंतर, ते घड्याळ लावून बघा. सगळ्यांचा श्वास एकदम आत गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर सेकंदाभराने हसू आलं, तर काहीही दुरुस्त करू नका. ते दचकून झाल्यानंतरचं हसू आहे, जागा लागली आहे. तिथे कलाकाराने फक्त थांबायचं. हसू ओसरू द्यायचं आणि पुढचं वाक्य आधीपेक्षा हळू आवाजात टाकायचं. लोक पुन्हा पुढे झुकतात.

डोळा कानाच्या आधी पोचतो

आमच्या दुसऱ्या प्रयोगाचं चित्रण मी आवाज बंद करून पाहिलं. तिसऱ्या थापेच्या दोन सेकंद आधी टेबलावरच्या आमच्या मैत्रिणीने डाव्या हाताने फळी घट्ट धरली, उजवा हात खांद्याच्या वर नेला आणि दिग्दर्शकाकडे पाहिलं. दुसऱ्या रांगेत एका मुलाने शेजारच्याला कोपराने ढोसलं. त्याच्या मागची तीन-चार डोकी वाचणाऱ्या कलाकारावरून टेबलाकडे वळली. थाप पडायची होती, पण बातमी पोचली होती. तिचं टायमिंग अचूक होतं. तिला उभं कुठे करायचं, हे आमचं चुकलं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये ऐकणाऱ्याला फक्त आवाज मिळतो, तो कशातून निघाला हे मिळत नाही. अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या एका रेडिओ भयमालिकेत माणसाचं शरीर आतून बाहेर उलटल्याचा आवाज रबरी हातमोजा उलटा करून काढला होता. कानाला भयंकर. तोच हातमोजा दिव्याखाली हातात धरून उलटा केलात तर कुणालाही हसू येईल, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून आवाज काढणाऱ्यांना पडद्यामागे लपवा, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो मुळीच पटत नाही. प्रेक्षक घरात बसून रेकॉर्डिंग ऐकू शकत होता. हे आवाज कसे निघतात ते बघायला मिळतं, हेही त्याच्या येण्याचं एक कारण आहे. आम्ही वेगळी वाटणी केली. रोजचे आवाज, म्हणजे पावलं, पाणी ओतणं, कपडे झटकणं, कुलूप, जिना, सगळे उघड्यावर, उजेडात. पहिली दहा मिनिटं लोकांना पोटभर बघू द्यायचे. आवाज आला की कुठेतरी हात हलतो, ही सवय डोळ्याला लावायची. आणि भीतीचा आवाज अशा ठिकाणाहून काढायचा, जिथे एकही हात हलत नाही.

तिसरी थाप आता निवेदकच मारतो, टाचेने. त्याच्या स्टँडखाली एक पोकळ लाकडी खोकं आडवं ठेवलं आहे, पुढून काळं कापड, आत एक छोटा माईक. पायात कडक टाचेचा बूट. वरचा चेहरा संथपणे वाचत असतो, "मग मी स्वतःला समजावलं, की जुनी लाकडं रात्री आवाज कर", आणि "करतात" पुरं व्हायच्या आत थाप. त्याच वेळी टेबलावरची मैत्रीण दोन्ही हातांनी फडकं पिळत असते, सगळ्यांना दिसेल असं. ही टाच बसवायला आमच्या चार तालमी गेल्या. खांदा हलू न देता पाय आपटणं अवघड आहे. गुडघ्यातून नको, टाच आधीच उचललेली ठेवायची आणि फक्त सोडायची.

हाड मोडल्याचा आवाज ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुकी काटकी मांडीवर, टेबलाच्या पातळीखाली धरून काढा. पण याहून मोठी गळती सहकाऱ्यांच्या नजरेतून होते. मोठा आवाज जवळ आला की रंगमंचावरचे सगळेच नकळत त्या बाजूला बघतात. क्यू, म्हणजे आवाज कधी काढायचा याची खूण, नजरेने किंवा हाताने देऊच नका. क्यू शब्दावर बांधा: अमुक वाक्यातल्या अमुक शब्दावर आवाज, आणि तो सगळ्यांना पाठ.

किंकाळी मारणारी व्यक्ती माईककडे चालत आली, खांदे वर गेले, तोंड उघडलं, की खेळ संपला. तिला पानभर आधीपासूनच माईकवर उभं करा, मधे दोन-तीन साधी वाक्यं द्या आणि किंकाळीचा श्वास तिने शेवटच्या वाक्यातल्या स्वल्पविरामाला घ्यावा. तोंड माईकपासून ५ सेंटिमीटरवरून २० सेंटिमीटरवर नेलं तर पातळी सुमारे १२ डेसिबलने उतरते, त्यामुळे आवाज फाटत नाही. मात्र ते अंतर आधीच घेऊन ठेवायचं. ऐनवेळी मागे झुकणं हीसुद्धा सूचनाच आहे.

मोठ्या आवाजाआधीचा बारीक आवाज

पाठ करून बसलेलेही दचकले नाहीत, तर बघायची पहिली गोष्ट ही. मोठ्या आवाजाच्या साधारण ३० ते ५०० मिलिसेकंद आधी एखादा हलका आवाज कानावर पडला, की दचकणं स्पष्टपणे कमी होतं. दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया अभ्यासणाऱ्यांना हा परिणाम चांगला परिचयाचा आहे. त्या अर्ध्या सेकंदात रंगमंचावर काय काय वाजतं, ते आता ऐका. पान उलटल्याची सळसळ. माईकच्या बटणाची टिक. कलाकाराने घेतलेला श्वास. लॅपटॉपवरचा ट्रॅक सुरू होताना स्पीकरमध्ये येणारी बारीक हिस्स. यातला एकेक आवाज तुमच्या थापेची ताकद खातो.

संहिता त्या प्रसंगासाठी वेगळी छापा. दचकवणारी ओळ पानाच्या वरच्या अर्ध्यात येऊ देऊ नका, म्हणजे पान खूप आधी उलटून झालेलं असेल. पानं पिन न मारता सुटी ठेवा, कागद जाड घ्या, पान उचलून उलटण्याऐवजी बाजूला सरकवा. माईकवरचं बटण कलाकाराने कधीच दाबायचं नाही. त्या माईकचा फेडर मिक्सरवरचा माणूस काही ओळी आधी हळूच वर आणतो. ट्रॅकमधून आवाज यायचा असेल तर वाऱ्याची किंवा रात्रीची पातळ पार्श्वभूमी मिनिटभर आधीच चालू ठेवा, म्हणजे हिस्स त्यात मुरून जाते.

ध्वनिफाईलच्या सुरुवातीची रिकामी जागा कापून टाका आणि एमपी३ऐवजी वेव्ह फाईल वापरा, कारण एमपी३ बनवताना सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते. लॅपटॉप ते मिक्सर ब्लूटूथने जोडू नका. त्यात एक-दोन दशांश सेकंदाचा उशीर सहज होतो, आणि तेवढ्यात कलाकाराचा चेहरा आधी घाबरतो, आवाज मागून येतो. तार लावा.

आणि दचकवण्याच्या जागा मोजा. तोच धक्का परत परत दिला की शरीर त्याला सरावतं. आमच्या ५० मिनिटांच्या संहितेत अशा नऊ जागा होत्या, आता तीन आहेत. कापलेल्या सहा जागांची आठवणही कुणी काढली नाही.

शांतता रिकामी राहत नाही

रेकॉर्डिंगमधली शांतता तुम्ही स्वच्छ केलेली असते. प्रेक्षागृहातल्या शांततेत पंखे, वातानुकूलनाची घरघर, खोकला आणि तुमचेच उघडे माईक असतात. एकाच पातळीवर चालू असलेल्या माईकची संख्या दुप्पट केली, की शिट्टी (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून होणारी) सुरू होण्याआधीची तुमची सवलत साधारण ३ डेसिबलने कमी होते. सहा माईक कायम उघडे ठेवून कुजबुजीचा प्रसंग केलात तर मिक्सरवरचा माणूस आवाज चढवत जाणार आणि कुजबुजीच्या मधोमध माईक किंचाळणार. ज्याचं वाक्य त्याचाच माईक वर, बाकी खाली, हे प्रत्येक पानासाठी लिहून काढा. कंटाळवाणं काम आहे. आमच्याकडे ज्या प्रयोगाला ते झालं नव्हतं, त्या प्रयोगाला शिट्टी आली.

कुजबुज खरी करू नका. खऱ्या कुजबुजीत स्वरयंत्र कंप पावत नाही, त्यामुळे क आणि ग, त आणि द, प आणि ब यांतला फरक पुसट होतो. मागच्या रांगेत "दार उघडू नकोस" हे "तार" असं पोचतं, आणि चार जण एकमेकांना "काय म्हणाला?" विचारू लागले की ताण गेला. आवाज किंचित ठेवा, श्वास जास्त मिसळा आणि तोंड माईकच्या तीन-चार बोटं जवळ आणा. एका दिशेने ऐकणाऱ्या माईकला जवळून बोललं की खर्ज वाढतो, आणि तो आवाज कानाशी लागल्यासारखा वाटतो.

इतक्या जवळून आपली महाप्राण व्यंजनं मात्र माईकवर आदळतात. भ, फ, ख, थ. आणि भयनाट्यात शब्द तेच: भूत, फट, खोली, थाप. त्यासाठी तोंड माईकच्या थेट समोर नको, जरा बाजूने, ओठांच्या कोपऱ्याच्या रेषेत माईक हवा. फोमची टोपी थोडी मदत करते. कोन जास्त.

जाता जाता एक. अमानवी पात्रासाठी घोगरा, गुरगुरणारा आवाज काढायचा मोह होतो, आणि रंगमंचावर हसण्याची ती हमखास जागा आहे, कारण ओळखीचा माणूस घसा ताणताना दिसतो. तेच वाक्य साध्या, थकलेल्या, प्रेमळ आवाजात माईकच्या अगदी जवळून म्हणून बघा.

हेडफोनसाठी केलेलं हॉलमध्ये चालत नाही

डाव्या कानातून उजव्या कानात चालत जाणारी पावलं हेडफोनवर अंगावर येतात. हॉलमध्ये डाव्या कडेला बसलेल्याला त्याच्या जवळचा डावा स्पीकर आधी ऐकू येतो आणि त्याला बहुतेक सगळं तिथूनच येतंय असं वाटतं. उजव्या स्पीकरमध्ये गेलेली पावलं त्याच्यासाठी नुसतीच लांब गेली. तेव्हा सगळे परिणाम मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज. "पाठीमागून" हवं असेल तर खरोखर पाठीमागे, शेवटच्या रांगेमागे एक लहान स्पीकर ठेवा, आणि तो पूर्ण प्रयोगात एकदा किंवा दोनदाच वाजवा.

खोल घरघरीचा ट्रॅकही तपासा. बऱ्याच सभागृहांतल्या साध्या स्पीकरमधून ४० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काहीच बाहेर येत नाही, फक्त ॲम्प्लिफायरची ताकद वाया जाते. घरघर थोड्या वरच्या पट्टीत आणा. रिकाम्या हॉलमधल्या तालमीवर पातळी कायमची ठरवू नका. माणसं भरली की घुमारा कमी होतो आणि पार्श्वभूमीचा कलकलाट वाढतो. पहिली दहा मिनिटं आमचा एक जण शेवटच्या रांगेत उभा राहून मिक्सरकडे बोटांनी खुणा करतो, तेवढ्यावर भागतं.

संहितेतल्या ओळी

हशा आवाजावर न येता वाक्यावर येत असेल, तर बहुधा वाक्य दृश्य सांगतंय. "ते बघ, त्याचे डोळे कसे लालभडक झालेत!" हे हेडफोनवर खपून जातं. इथे हातात कागद धरलेली दोन माणसं रिकाम्या हवेकडे बघून ते म्हणतात. दृश्याची वर्णनं काढा, तुटलेली वाक्यं आणि श्वास ठेवा.

आपल्या व्याकरणातच एक मोठी सोय आहे. जे आलंय त्याला "तो" किंवा "ती" म्हटलं की त्याला चेहरा मिळतो. "ते" म्हणा. "ते जिन्यावर थांबलंय." एवढ्याने पुरतं, वर्णन लागत नाही.

आणि क्रियापद. आमच्या दुसऱ्या नाटकात दाराबाहेरून आईचा आवाज येतो, "दार उघड रे, मी आलोय." आवाज आईचा, लकब आईची, फक्त "आलेय"च्या जागी "आलोय". आवाज मुद्दाम भेसूर केलेला नाही, संगीत नाही, कुणी काही समजावत नाही. प्रयोगात तिथे सेकंदभर काहीच होत नाही. मग एकेक मान वर येते. काही बोलींत बायका सहज "आलो" म्हणतात, म्हणून आधीच्या प्रसंगांत आईच्या तोंडी "आले", "गेले", "विसरले" तीन-चारदा येऊन गेलेलं आहे. आजवर तिथे कुणी हसलेलं नाही. कलाकाराने तो शब्द जरासा जरी दाबून उच्चारला तरी मजा जाते, म्हणून तालमीत मी तिला ते वाक्य दुसरंच काहीतरी काम करता करता म्हणायला लावतो.

उजेडाबद्दल थोडं

पूर्ण अंधार करून सगळ्यावर पांघरूण घालता येईल असं वाटतं. बीबीसीने जानेवारी १९२४ मध्ये प्रसारित केलेली, खास रेडिओसाठी लिहिलेली नाटिका कोळशाच्या खाणीतल्या काळोखात घडते, म्हणजे पात्रांनाही दिसत नाही आणि श्रोत्यालाही. ती युक्ती अजून चालते, पण थोडा वेळच. मिनिट-दीड मिनिटाच्या वर अंधार ठेवला की लोक फोन काढतात, आणि एक उजळलेला पडदा अख्खी रांग फोडतो. आम्ही कागदापुरते छोटे दिवे ठेवतो, चेहऱ्यावर खालून उजेड येऊ देत नाही (भीतीचा तो जुना छाप लोकांना लगेच ओळखू येतो आणि हसवतो), आणि टेबलाचा दिवा भीतीच्या प्रसंगाच्या पाच मिनिटं आधीपासून इतक्या सावकाश उतरवतो, की तो कमी झाल्याचं जाणवत नाही. बाहेर जाण्याच्या दारांवरचे दिवे कधीही झाकायचे नाहीत. अचानक मोठे आवाज आणि अंधार असेल, हे प्रयोग सुरू होण्याआधी माईकवरून स्वच्छ सांगायचं. त्याने धक्का कमी होईल ही काळजी आम्हालाही होती. तसं झालं नाही. ज्यांना त्रास होणार होता त्यांनी दाराजवळची खुर्ची घेतली, बाकीचे सावरून बसले, आणि टाच पडली तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. नाटक संपेपर्यंत ते खाली आले नाहीत.